अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची जन्मघरं आणि राहती घरं: निवडायची कशी, पाहायची कशी

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत राहायला जाणाऱ्यांच्या यादीत नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि व्हाइट हाउस ही नावं ठरलेली असतात. त्या यादीत एखाद्या राष्ट्राध्यक्षाचं घर जरूर घाला, असा माझा आग्रह असतो. माणूस कुठे झोपायचा, त्याचा स्वयंपाक कोण करायचं, पाहुणे कुठे बसायचे, हे पाहिलं की त्या देशाचा इतिहास एकदम ओळखीचा वाटू लागतो. शिवाय यातली बरीच घरं न्यूयॉर्क, बॉस्टन, वॉशिंग्टन डीसी अशा शहरांतून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत.

आजवर 45 जण राष्ट्राध्यक्ष झाले. क्रमांक 47 पर्यंत गेला, कारण ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि डॉनल्ड ट्रम्प हे दोघे मध्ये खंड पडून दोनदा निवडून आले. या 45 पैकी 8 जणांचा जन्म व्हर्जिनियातला, 7 जणांचा ओहायोतला, 5 जणांचा न्यूयॉर्क राज्यातला आणि 4 जणांचा मॅसॅच्युसेट्समधला. म्हणजे अर्ध्याहून अधिक जण या चार राज्यांतच जन्मले. तुमचं बिऱ्हाड पूर्व किनाऱ्यावर असेल तर घरांचा तोटा नाही.

आधी ठरवा: जन्मघर पाहायचं की राहतं घर?

नकाशावर शोधलं की एकाच राष्ट्राध्यक्षाच्या नावाने तीन-चार ठिकाणं निघतात: जन्मघर, बालपणीचं घर, कर्तेपणी राहिलेलं घर, आणि शिवाय ग्रंथालय-संग्रहालय. वेळ थोडा असेल तर राहतं घर निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. जन्मघर हे त्या माणसाचं नसतं, त्याच्या वडिलांचं असतं, आणि पुष्कळदा वडिलांचंही नसतं. क्लीव्हलंड न्यू जर्सीतल्या कॉल्डवेलला 1837 साली जन्मले ते चर्चच्या घरात, कारण वडील तिथले धर्मोपदेशक होते. मुलगा चार वर्षांचा असताना घर सुटलं. वुड्रो विल्सन यांचीही तीच गोष्ट. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनचं त्यांचं जन्मघरही चर्चचंच, आणि तेही त्यांना आठवण्याच्या वयाआधीच सुटलं. पुढे तर प्रश्नच मिटला. 1924 साली जिमी कार्टर जॉर्जियातल्या प्लेन्स गावी दवाखान्यात जन्मले. हॉस्पिटलात जन्मलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष.

राहतं घर मात्र माणसाने स्वतः निवडलेलं असतं, वाढवलेलं असतं, कर्ज काढून सजवलेलं असतं. त्यात त्याचा स्वभाव उतरतो.

अपवाद आहेत, आणि ते पुढे सांगणारच आहे. पण आयोवातल्या वेस्ट ब्रँचमधल्या हर्बर्ट हूव्हर यांच्या जन्मघराचा उल्लेख इथेच करतो. 14 फूट रुंद आणि 20 फूट लांब, दोन खोल्या. लोहाराच्या या मुलाचं घर पाहायला दहा मिनिटं पुरतात, पण त्या मापाच्या जागेत आईवडील आणि मुलं कशी राहिली असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

मग विचारा: हे घर मूळचं आहे का?

हा प्रश्न निघण्यापूर्वी विचारायचा. त्या त्या ठिकाणच्या अधिकृत वेबसाइटवर उत्तर असतं, फक्त ते शोधून वाचावं लागतं.

जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म 1732 सालचा, व्हर्जिनियातल्या पोप्स क्रीकचा. ते घर 1779 च्या नाताळात जळून गेलं. आज तिथे उभं असलेलं विटांचं घर 1930-31 मध्ये बांधलेलं स्मारक आहे. जवळच सापडलेल्या जुन्या पायाची आखणी शिंपल्यांच्या चुऱ्याने जमिनीवर करून ठेवली आहे. मला विचाराल तर घरापेक्षा ती पांढरी रेघ जास्त खरी आहे.

केंटकीतल्या हॉजनव्हिलजवळ अब्राहम लिंकन यांच्या जन्मस्थळी ग्रीक देवळासारखी दगडी इमारत आहे. वर जायला 56 पायऱ्या, लिंकन यांच्या आयुष्याच्या वर्षांइतक्या. आत ओंडक्यांची छोटी झोपडी. लिंकन 1809 साली जन्मले, पण 2004 मध्ये ओंडक्यांच्या वाढीच्या वलयांवरून वय काढलं तेव्हा ते 1848 च्या आधीचे नाहीत असं दिसलं. आता तिला प्रतीकात्मक झोपडी म्हणतात. जागा मात्र खरी आहे. ज्या झऱ्यावरून त्या शेताला सिंकिंग स्प्रिंग हे नाव पडलं, तो झराही पायथ्याशी आहे.

थिओडोर रूझवेल्ट यांचं मॅनहॅटनमधलं जन्मघर 1916 मध्ये पाडलं आणि त्याच जागी तसंच पुन्हा बांधून 1923 मध्ये उघडलं. सामान मात्र बरंचसं कुटुंबाकडून आलेलं. टेक्सासमधल्या स्टोनवॉलचं जन्मघर तर लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्ष असताना, 1964 साली, स्वतःच पुन्हा बांधून घेतलं.

पुन्हा बांधलेलं घर पाहू नये असं नाही. आपण काय पाहतो आहोत हे माहीत असलं की पाहणं नीट होतं, एवढंच.

घर कुणाच्या ताब्यात आहे, त्यावर तिकीट ठरतं

सगळी घरं सरकारची नाहीत. तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार नॅशनल पार्क सर्व्हिसचा, म्हणजे केंद्र सरकारचा. लिंकन, जॉन आणि जॉन क्विन्सी हे ॲडम्स बापलेक, थिओडोर आणि फ्रँकलिन हे दोन्ही रूझवेल्ट, केनेडी, ट्रूमन, आयझेनहॉवर यांची घरं यात येतात. काही ठिकाणी प्रवेश पूर्ण मोफत, काही ठिकाणी टूरपुरतं तिकीट. दुसरा प्रकार राज्य सरकारांचा, जसं क्लीव्हलंड यांचं कॉल्डवेलचं घर किंवा कूलिज यांचं व्हरमाँटमधलं गाव. तिसरा प्रकार खासगी विश्वस्त संस्थांचा. वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन आणि थॉमस जेफरसन यांचं माँटिसेलो ही सर्वांत प्रसिद्ध दोन घरं याच प्रकारात मोडतात. तिथे नॅशनल पार्कचा वार्षिक पास चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं.

माउंट व्हर्ननचा इतिहास यासाठी वाचण्याजोगा आहे. घर मोडकळीला आलं तेव्हा ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी 1853 साली देशभरातल्या स्त्रियांना हाक दिली, वर्गणी गोळा केली, आणि 1858 मध्ये त्यांच्या संस्थेने वॉशिंग्टन कुटुंबाकडून घर विकत घेतलं. आजही तीच संस्था ते सांभाळते.

तिकीट काढताना तीन गोष्टी तपासा. एक, हंगाम: ईशान्येकडची पुष्कळ घरं हिवाळ्यात बंद असतात. दोन, आठवड्याचे दिवस: लहान ठिकाणं सोमवार-मंगळवारी हमखास बंद. तीन, दुरुस्ती: जुन्या इमारतींचं काम कायम चालू असतं आणि कधी आवार उघडं पण घर बंद, असं होतं. या तिन्ही गोष्टी निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. घराच्या आत जायला ठरावीक वेळेचं तिकीट असतं, ते शनिवार-रविवारसाठी आधीच संपतं, म्हणून शक्य असेल तर मधला वार धरा.

वॉशिंग्टन डीसी आणि व्हर्जिनिया

एकच सहल करायची असेल तर ही करा.

माउंट व्हर्नन डीसीपासून साधारण 15 मैलांवर, पोटोमॅक नदीच्या काठी. गाडी नसेल तर मेट्रोच्या यलो लाइनने हंटिंग्टन स्टेशनला उतरून पुढे बस मिळते. वर्षाचे 365 दिवस उघडं असतं. भिंती लांबून दगडी वाटतात. जवळ जाऊन पाहा, लाकडी फळ्या आहेत. फळ्यांना दगडाच्या चिऱ्यांसारखे काप देऊन ओल्या रंगावर वाळू मारली आहे. आत घराच्या मधल्या मार्गिकेत पॅरिसच्या बॅस्तील तुरुंगाची किल्ली टांगलेली आहे. ती लाफायेत या फ्रेंच सेनानीने वॉशिंग्टन यांना भेट दिलेली. पण घराइतकाच वेळ बाहेरच्या भागाला द्या: मांस धुरावर टिकवायची खोली, धोबीघर, गुलामांच्या खोल्या. 1799 साली वॉशिंग्टन वारले तेव्हा या जमिनीवर 317 गुलाम होते. त्यातल्या स्वतःच्या मालकीच्या 123 जणांच्या मुक्ततेची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. बाकीच्यांना ती लागू झाली नाही.

माँटिसेलो शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर आहे, डीसीहून गाडीने अडीच तास. रेल्वेही शार्लट्सव्हिलपर्यंत जाते. गाडी खाली व्हिजिटर सेंटरला लावून शटल बसने वर जायचं. जेफरसन यांनी हे घर सुमारे चाळीस वर्षं बांधलं, पाडलं, पुन्हा बांधलं. पाच सेंटच्या नाण्यामागे हेच घर असतं. नाणं खिशात असू द्या, नातवंडांना ते घरासमोर धरून पाहायला फार आवडतं.

दारातून आत शिरलात की मागे वळून दाराच्या वर पाहा. मोठं घड्याळ आहे. त्याची वजनं म्हणजे तोफेचे गोळे, दोरांना लटकून दोन्ही बाजूंच्या भिंतीलगत हळूहळू खाली येणारे. भिंतीवर वारांच्या पट्ट्या लावल्या आहेत, आणि गोळा ज्या पट्टीसमोर आला तो वार. पण खोलीची उंची आठवड्याला पुरली नाही, म्हणून जमिनीला भोक पाडलं आणि शनिवार तळघरात गेला. सगळे जेफरसन या एका घड्याळात दिसतात: कल्पना अफाट, जागा अपुरी, आणि तरी हट्ट सोडायचा नाही.

त्याच तळघराच्या पातळीवर आणि बाजूच्या मलबेरी रो या रस्त्यावर दुसरं घर आहे. जेफरसन यांच्या आयुष्यात 600 हून अधिक माणसं त्यांची गुलाम होती. त्यांच्या मुलांची आई असलेल्या सॅली हेमिंग्स यांच्याविषयीचं दालन दक्षिण बाजूच्या खोलीत आहे. 'सर्व माणसं समान' असं लिहिणारा माणूस 4 जुलै 1826 ला मेला तेव्हा कर्जात बुडालेला होता, आणि पुढच्या जानेवारीत याच घरासमोर 130 माणसांचा लिलाव पुकारला गेला. गुलामगिरीवरची टूर वेगळी असते. ती टाळू नका. ती न घेता माँटिसेलो पाहिलं तर अर्धंच पाहिलं.

जवळच जेम्स मनरो यांचं हायलंड आणि थोडं लांब जेम्स मॅडिसन यांचं माँटपेलिअर आहे. दोन दिवस असतील तर माँटपेलिअर जोडा. एका दिवसात तिन्ही करायला जाऊ नका, पाय आणि डोकं दोन्ही थकतात.

डीसीहून उत्तरेला पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गची रणभूमी पाहायला बहुतेक जण जातात. तिला लागूनच ड्वाइट आयझेनहॉवर यांचं शेत आहे. सैन्यातल्या बदल्यांमुळे आयुष्यभर सरकारी घरांत राहिलेल्या या जोडप्याने स्वतःचं म्हणून घेतलेलं हे एकमेव घर. डिसेंबर 1956 मध्ये पंडित नेहरू इथे मुक्कामाला आले होते. भारतीय पाहुण्याने तेवढ्यासाठी तरी थांबावं.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क

एडिसन, जर्सी सिटीकडच्या मराठी घरांतून ही सहल सगळ्यांत सोपी.

मॅनहॅटनमध्ये ईस्ट 20व्या स्ट्रीटवर 28 नंबरला थिओडोर रूझवेल्ट यांचं जन्मघर. प्रवेश मोफत. तिथून लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूने उत्तरेला पंधरा-वीस मिनिटं चालत 123 नंबरच्या इमारतीशी या. तिथे हिंग, डाळी, मसाल्यांचं कलुस्त्यान हे प्रसिद्ध दुकान आहे. याच इमारतीत उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर राहत होते. जेम्स गारफील्ड यांचा गोळीच्या जखमेने मृत्यू झाल्याची बातमी आली आणि 20 सप्टेंबर 1881 च्या मध्यरात्रीनंतर आर्थर यांनी इथेच राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. न्यूयॉर्क शहरात शपथ घेतलेले राष्ट्राध्यक्ष दोनच, वॉशिंग्टन आणि हे. वरच्या मजल्यावरचं घर पाहता येत नाही, पाटी तेवढी आहे. पण सामान घ्यायला तुम्ही जाणारच आहात, तर ती पाटी वाचा.

दिवसभराची सहल हवी तर हाइड पार्क. ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो नॉर्थ रेल्वेने पकिप्सी, साधारण दोन तास, पुढे टॅक्सी. फ्रँकलिन रूझवेल्ट 1882 मध्ये ज्या घरात जन्मले, तिथेच वाढले, तिथल्याच गुलाबबागेत त्यांची समाधी आहे. जन्मघर आणि राहतं घर एकच, म्हणून माझ्या यादीत हे फार वर आहे. पोलिओने पाय गेल्यावर ते सामानाच्या लिफ्टमध्ये बसून, दोर स्वतःच्या हातांनी ओढत वर जायचे. विजेवर चालणारी लिफ्ट नको म्हणाले, कारण आग लागून वीज गेली तर आपण अडकू ही भीती. लिफ्टचा तो अरुंद खोका आणि दोर आजही आहे. घर गाइडबरोबरच पाहावं लागतं, तेव्हा तिकीट आधी काढा. आवारातलं ग्रंथालय 1941 मध्ये उघडलं. राष्ट्राध्यक्ष पदावर असतानाच उघडलेलं ते एकमेव.

लाँग आयलंडवरचं थिओडोर रूझवेल्ट यांचं सॅगमोर हिलही सुंदर आहे. मात्र आत शिकार केलेल्या प्राण्यांची मुंडकी आणि कातडी भरपूर आहेत. लहान मुलांना आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांना आधी सांगून ठेवा.

बॉस्टन आणि परिसर

इथे जन्मघरांचे ते अपवाद भेटतात.

क्विन्सीला बॉस्टनच्या मेट्रोची रेड लाइन जाते. जॉन ॲडम्स 1735 मध्ये आणि त्यांचे पुत्र जॉन क्विन्सी ॲडम्स 1767 मध्ये, असे बापलेक शेजारशेजारच्या दोन घरांत जन्मले. दोन घरांत अंतर 75 फूट, आणि दोन्ही मूळ जागीच उभी आहेत. बुटकी छतं, मधोमध प्रचंड चूल. मग पीसफील्ड हे त्यांचं पुढचं घर पाहा. ॲडम्स कुटुंबाच्या चार पिढ्या तिथे नांदल्या. बागेतलं दगडी ग्रंथालय मुद्दाम वेगळं बांधलं आहे, आगीपासून पुस्तकं वाचावीत म्हणून. ही घरं हंगामीच उघडतात.

ब्रुकलाइनमध्ये 83 बील्स स्ट्रीटला जॉन केनेडी 1917 साली जन्मले. त्यांच्या हत्येनंतर आई रोझ केनेडी यांनी घर परत विकत घेऊन 1917 साली होतं तसं मांडलं, आणि प्रत्येक खोलीविषयी स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलं. म्हणजे आपण पाहतो ते एका आईने आठवून लावलेलं घर.

आता माझं सर्वांत आवडतं. सप्टेंबरअखेर पानांचे रंग पाहायला लोक व्हरमाँटला जातात, तेव्हा प्लिमथ नॉचला थांबा. कॅल्विन कूलिज 4 जुलै 1872 ला इथल्या दुकानामागच्या घरात जन्मले. उपराष्ट्राध्यक्ष असताना 1923 च्या उन्हाळ्यात ते वडिलांकडे सुटीला आले होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत अचानक वारले. घरात ना फोन, ना वीज. तार घेऊन माणूस रात्री दारात आला. वडील गावचे नोटरी होते, म्हणून पहाटे 2 वाजून 47 मिनिटांनी, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, बापाने मुलाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. मग सगळे पुन्हा झोपायला गेले. ती बैठकीची खोली जशीच्या तशी आहे. रस्त्यापलीकडे चीजचा कारखाना आहे, तो त्यांच्या वडिलांनीच गावकऱ्यांबरोबर काढलेला. बॉस्टनहून गाडीने अडीच-तीन तास लागतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर घरं बंद होतात.

शिकागो, आणि बाकीचे

शिकागोहून स्प्रिंगफील्ड रेल्वेने किंवा गाडीने साडेतीन तास. लिंकन यांनी आयुष्यात विकत घेतलेलं एकमेव घर इथे आठव्या आणि जॅक्सन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. 1844 ते 1861 ते इथे राहिले, तीन मुलगे इथे जन्मले, एक इथेच गेला. त्यांच्या थोरल्या मुलाने, रॉबर्टने, 1887 मध्ये घर इलिनॉय राज्याला दिलं ते पाहणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत या अटीवर. आजही टूर मोफत आहे. व्हिजिटर सेंटरवर वेळेचं तिकीट घ्यायचं, पार्किंगचे पैसे तेवढे पडतात. बाकी घरात कशालाही हात लावू देत नाहीत, पण जिन्याचा कठडा मूळचा आहे आणि तो धरूनच वर जायचं असतं.

ऑस्टिनहून जॉन्सन यांचं रँच तासाभरावर. लॉस एंजेलिसजवळ योर्बा लिंडाला रिचर्ड निक्सन यांचं, वडिलांनी बांधलेलं छोटं घर मूळ जागीच आहे, आणि शेजारी समाधी. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सला हॅरी ट्रूमन यांच्या घरात त्यांची हॅट आणि कोट खुंटीवर तसेच आहेत. ओहायोत राहत असाल तर सिनसिनाटीचं टाफ्ट यांचं आणि मेंटरचं गारफील्ड यांचं घर पुरे.

प्रत्यक्ष जाताना

जिन्याचा विचार आधी करा. जुनी घरं, लिफ्ट बहुधा नाही. गुडघे दुखत असतील तर काउंटरवर सांगा. वरच्या मजल्याची छायाचित्रं किंवा व्हिडिओ पुष्कळ ठिकाणी खाली बसून पाहायला देतात. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. टूर सुरू झाली की मध्येच स्वच्छतागृहाची सोय नसते, ते आधी उरकून घ्या. लहान गावांत शाकाहारी जेवण मिळेलच असं नाही, पोळीभाजीचा डबा गाडीत असू द्या आणि बाहेरच्या बाकांवर बसून खा. घरात पाणीसुद्धा पिऊ देत नाहीत.

नातवंडं बरोबर असतील तर नॅशनल पार्कच्या ठिकाणी ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागा. मूल ती सोडवत घर पाहतं आणि शेवटी रेंजर त्याला शपथ देऊन बिल्ला लावतो.

रेंजरचं इंग्रजी भराभर वाटलं तर पुढे उभे राहा आणि विचारायला कचरू नका. 'या खोलीतलं मूळचं काय?' आणि 'इथे काम कोण करायचं?' हे दोन प्रश्न कुठल्याही घरात चालतात, आणि त्यांची उत्तरं द्यायला तिथली माणसं मनापासून उत्सुक असतात.

शेवटी एक. सगळीच घरं पाहण्यासाठी उघडी नाहीत. स्क्रँटनचं जो बायडन यांचं बालपणीचं घर किंवा क्वीन्समधलं ट्रम्प यांचं, ही खासगी मालमत्ता आहे. रस्त्यावरून पाहा, पायरी चढू नका, बेल वाजवू नका. व्हाइट हाउसही असं जाता जाता आत शिरून पाहता येत नाही. अमेरिकी नागरिकाने आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्यामार्फत आणि भारतीय पासपोर्ट असणाऱ्याने डीसीतल्या भारतीय दूतावासामार्फत आधी विचारणा करायची असते. परवानगी मिळेल या भरवशावर दिवस मोकळा ठेवू नका, त्या दिवशी माउंट व्हर्ननचं तिकीट काढून ठेवा.